आधी सांगाडा, मग पेटी

मोटरसायकलला दोन्ही अंगांना कडक पेट्या लावायचं मनात आलं, की माणूस पहिल्यांदा पेट्याच बघायला लागतो. काळी घ्यावी की चंदेरी, किती लिटरची, कुलूप कसलं, वरून उघडणारी की बाजूने. पेट्या घरी येतात, अंगणात गाडीशेजारी मांडून फोटोही निघतो, आणि मग कळतं की त्या धरणारा सांगाडा, ज्याला दुकानात सॅडल स्टे म्हणतात, तो आपल्या गाडीला बसत नाही. बसला तर सायलेन्सरला अडतो. तिथून सुटला तर मागचा इंडिकेटर झाकतो. ही पुस्तिका म्हणून उलट्या क्रमाने लिहिली आहे. आधी गाडीची मागची फ्रेम, मग वजन, मग रुंदी, मग सांगाडा. पेटीचं प्रकरण शेवटून दुसरं आहे, आणि ते सगळ्यांत छोटंही आहे.

होटगीत बसून असल्या विषयावर काय लिहिणार, असं पुण्याच्या एका मित्राने विचारलं होतं. त्याच्या दृष्टीने हे गाव म्हणजे रेल्वेचं जंक्शन: मुंबई-चेन्नईची मोठी लाइन आणि इथून विजयपूरमार्गे गदगकडे फुटणारी दुसरी. पण दुचाकीवरून लांब जाणाऱ्याला ही जागा सोयीची आहे. सोलापूर हाकेच्या अंतरावर, तिथून पुणे-हैदराबाद महामार्ग, आणि खाली विजयपूर, बदामी, हंपीकडे उतरणारा रस्ता. शिवाय होटगी रोडच्या औद्योगिक वसाहतीत पाइप वाकवणारे, लेथ चालवणारे, पावडर कोटिंग करणारे हात मिळतात. आणि तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना जड ओझं बांधून रोज नेणारी माणसं इथे पहाटेपासून रस्त्यावर असतात.

फताटेवाडी, इंगळगी, कुंभारीकडून सोलापुरात दूध घालायला जाणारी एखादी जुनी मोटरसायकल उभी असताना नीट बघा. सीटच्या मागच्या भागावरून आडवी टाकलेली जाड लोखंडी पट्टी, दोन्ही टोकांना खाली वळवलेले आकडे, आणि कॅनचं बूड आत जाऊ नये म्हणून खाली सळईची कडी. पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातलेला असतो. त्याने सीट फाटत नाही आणि खडखड कमी होते. दोन्हीकडच्या कड्या नंबरप्लेटच्या खालून एका आडव्या सळईने जोडलेल्या असतात. कॅन मागच्या चाकाच्या आसाच्या जरा पुढेच येतात, शॉकअपला लागून. आणि दूध घालताना गवळी एक कॅन रिकामा करून दुसऱ्याला हात लावत नाही. दोन घरांचं डावीकडून काढलं की दोन घरांचं उजवीकडून. ओझं खाली, पुढे, दोन्हीकडे सारखं, आणि दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या. युरोपातल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात चित्रं काढून जे सांगतात, त्यातलं निम्मं या पट्टीत आलं.

मग एक प्रश्न येतो आणि तो मला अनेकांनी विचारला आहे. 40 लिटरचा कॅन भरला की नुसतं दूधच 41 किलो भरतं. दोन कॅन म्हणजे ऐंशीच्या वर. गवळ्याची शंभर सीसीची गाडी ते नेते, तर मग पेट्या बनवणारी गिव्हीसारखी कंपनी एका बाजूच्या पेटीत 10 किलोच ठेवा असं का सांगते? उत्तर तीन ठिकाणी आहे. गवळी तीस-चाळीसच्या वेगाने जातो, आणि त्याला रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ठाऊक असतो. त्याचं ओझं सीटवरून, म्हणजे थेट फ्रेमवरून टांगलेलं असतं. पेटी मात्र सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला अडकवलेली असते आणि आपल्या वजनाने तो सतत बाहेर ओढत असते. खड्ड्यात आदळताना 10 किलोचे क्षणभर वीस-तीस होतात, तेही त्या ओढीसकट. आणि तिसरं, गवळ्याच्या पट्टीला तडा गेला की तो वेल्डिंग मारून घेतो. तो त्याचा धंद्याचा खर्च आहे. कंपनीचा आकडा ताशी शंभरच्या आसपास, अनोळखी रस्त्यावर, वाऱ्यात धरलेला असतो. त्या वेगात मागे आणि बाहेर जास्त वजन असलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल थरथरायला लागतं. गवळ्याची बांधणी शिकण्यासारखी आहे, त्याचा वजनाचा आकडा मात्र उचलू नये.

दोन्ही अंगांना ओझं लावणं या मुलखाला नवं नाही. लमाणांच्या बैलांच्या पाठीवर गोण्या अशाच लादल्या जायच्या. मोटरसायकलच्या कडक पेट्या मात्र बाहेरून आल्या. ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकात केन क्रेव्हन यांच्या पेट्या चालत. 1970 च्या दशकात जर्मनीत क्राउझरच्या पेट्या बीएमडब्ल्यूवर दिसू लागल्या. इटलीत जुझेप्पे व्हिझेन्झी या शर्यतीत उतरलेल्या माणसाने 1978 मध्ये गिव्ही काढली. आपल्याकडे पूर्वी बुलेटच्या बाजूला फरिदाबादच्या स्टड्सच्या प्लास्टिकच्या पेट्या लागत आणि त्यात बहुतेक वेळा रेनकोट आणि पाने असत. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्यांचं वेड नंतरचं. 2004 मध्ये युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बोरमन हे दोन नट लंडनहून न्यूयॉर्कला पूर्वेकडून मोटरसायकलवर गेले, त्याची ‘लाँग वे राउंड’ ही मालिका जगभर बघितली गेली आणि पेट्या लावलेली गाडी हेच लांबच्या प्रवासाचं चित्र ठरलं. त्या मालिकेतली एक गोष्ट मात्र पेट्या विकणारे सांगत नाहीत: ओझ्याने गाडीच्या मागच्या फ्रेमला तडा गेला आणि वाटेतल्या वेल्डिंगवाल्याकडून ती जोडून घ्यावी लागली. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, पुढे चाकणला तयार होणारी केटीएम 390 ॲडव्हेंचर, आणि हे चित्र सोलापूरच्या एमएच 13 पाटीवरही आलं.

म्हणून मागची फ्रेम. सीट काढा आणि खाली बघा. काही गाड्यांत मागचा भाग मुख्य फ्रेमला वेल्ड केलेला असतो, काहींत बोल्टने जोडलेला. बोल्टचा असला तर मोडल्यावर बदलता येतो, पण सगळं ओझं त्या चार बोल्टांवर येतं हेही खरं. सांगाड्याला प्रत्येक बाजूला निदान तीन ठिकाणी पकड हवी: वर कॅरियरपाशी, खाली मागच्या फूटरेस्टच्या बोल्टापाशी, आणि तिसरी मागे नंबरप्लेटच्या आतून जाणाऱ्या आडव्या पट्टीने पलीकडच्या बाजूला. ही आडवी पट्टी पुष्कळ स्वस्त सांगाड्यांत नसते. नसली तर पेटीला हाताने धरून आत-बाहेर हलवा. सांगाडा डोलताना दिसेल. रस्त्यावर तो असाच हजारो वेळा डोलतो आणि एक दिवस वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेला केसाएवढी रेघ उमटते. टाका सहसा मोडत नाही. त्याच्या शेजारचा, तापून कमजोर झालेला पाइप मोडतो.

इथे बनवून घेणार असाल तर कारागिराला दोन गोष्टी आधीच सांगा. पाइप वाकवताना आत वाळू भरून दोन्ही तोंडं बंद करायची, म्हणजे बाक पिचत नाही. जुने लोक हे न सांगता करतात. आणि गाडीच्या फ्रेमला थेट टाका मारायचा नाही, जे काही वेल्डिंग आहे ते सांगाडा गाडीवरून उतरवून. माप धरण्यापुरता एखादा टाका गाडीवरच मारावा लागला तर बॅटरीची वायर काढल्याशिवाय होल्डर हातात घेऊ देऊ नका. हल्लीच्या गाड्यांत इंजिनाचा आणि एबीएसचा मेंदू सीटखालीच कुठेतरी असतो आणि तो वेल्डिंगच्या करंटने जातो.

बोल्टांचं प्रकरण कंटाळवाणं वाटेल, तरी वाचा. सांगाड्याची पट्टी मध्ये आली की कंपनीचा मूळ बोल्ट तेवढा आखूड पडतो आणि दोन-तीन आट्यांवर लटकतो. लांब बोल्ट घ्या, डोक्यावर 8.8 कोरलेलं बघून. नटाला नायलॉनची कडी किंवा आट्यांना निळं थ्रेडलॉक. आणि एकेक बोल्ट पुरता आवळत पुढे जायचं नाही. सगळे बोल्ट दोन-चार आटे बसवून सैल ठेवायचे, सांगाडा आपोआप जागेवर येऊ द्यायचा, मग आळीपाळीने आवळायचे. पहारीने ओढून, ताणून बसवलेला सांगाडा पहिल्या दिवसापासून तणावात असतो.

डाव्या बाजूला साडी गार्ड असतं. ते काढल्याशिवाय बहुतेक सांगाडे बसत नाहीत, आणि दुकानदार ते विचारण्याआधीच काढून कोपऱ्यात टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण मागतो. पण नियम बाजूला ठेवला तरी आपल्याकडे ते लोखंड उगाच आलेलं नाही. मंगळवारी तुळजापूरला, गुरुवारी अक्कलकोटला याच गाडीवर घरातली बाई साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसणार असते. डावीकडे पेटी लागली की तसं बसताच येत नाही. पेटी काढली आणि सांगाडा राहिला तर पाय सांगाड्यावर येतात आणि पदर चाकाकडे जातो. टूरच्या गाड्यांवर लिहिणारे याबद्दल एक ओळ लिहीत नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोरची गाडी फक्त टूरची असते. आपल्याकडे एकच गाडी रोज कामावर जाते, बाजारात जाते आणि वर्षातून एकदा हंपीला जाते. म्हणून माझं मत असं आहे की साडी गार्ड सामावून घेणारा किंवा चार बोल्टांत पूर्ण उतरणारा सांगाडा मिळत नसेल तर कडक पेट्यांचा विचारच सोडावा.

वजनाचा हिशेब कागदावर एकदा करून बघण्यासारखा आहे. हिमालयन 450 घ्या. गाडी 196 किलो, सगळं मिळून कमाल 394 किलो. म्हणजे हाताशी 198. पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोची दोन माणसं, त्यांची हेल्मेट, जॅकेटं, बूट धरून 165 गेले. राहिले 33. सांगाडा आणि दोन रिकाम्या ॲल्युमिनियमच्या पेट्या पंधरा किलोच्या घरात जातात. उरले 18 किलो, आणि त्यात पाण्याच्या बाटल्या, ट्यूब, पंप, पाने सगळं. जोडीने जाणाऱ्याला हा आकडा बघून धक्का बसतो. बसावाच. त्याहून हलक्या गाड्यांत तर रिकाम्या पेट्याच सगळी सवलत खातात. पेटीत काय कुठे ठेवायचं याचा वेगळा तक्ता आत आहे. इथे एवढंच, की जड वस्तू तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात, मागच्या चाकात दोघांसाठी सांगितलेली हवा, आणि शॉकअप तेवढ्यासाठी कडक केलेला.

आता रुंदी. दुचाकी चालवणाऱ्याचा डोळा एका सवयीवर चालतो: हँडल गेलं की गाडी गेली. हँडल साधारण 80-85 सेंटिमीटर असतं. 37 लिटरच्या दोन पेट्या लावल्या की मागची बाजू 95 ते 100 सेंटिमीटरवर जाते आणि ती सवय खोटी ठरते. होटगी रस्त्यावर हे उसाच्या हंगामात कळतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये विमानतळासाठी पाडली गेली, त्यावर इकडे जेवढी चर्चा झाली तेवढी कशावर झाली नसेल. पण ऊस वाहणारे ट्रॅक्टर रस्त्यावर तसेच आहेत. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हीच्या अंगातून हातभर बाहेर आलेला ऊस, मागे दिवा असला तर असला. त्याच्या बाजूने काढताना हँडल सहज निघतं आणि पेटीचा कोपरा उसात अडकतो. समोरून सिमेंट कारखान्याचा बल्कर आला तर त्याच्या वाऱ्याचा धक्का पेटीच्या सपाट अंगावर बसतो, तो वेगळा.

सायलेन्सर बहुतेक आपल्याकडच्या गाड्यांत उजवीकडे असतो. त्यामुळे उजवा सांगाडा जास्त बाहेर येतो आणि तीच पेटी दोन्हीकडे लावली तर गाडी एका अंगाने फुगलेली दिसते, वाऱ्यात तशी वागतेही. यावर दोन उपाय आहेत. उजवीकडे सायलेन्सरसाठी खाच मारलेली पेटी, किंवा उजवीकडे कमी लिटरची अरुंद पेटी. मला दुसरा उपाय बरा वाटतो; खाचेच्या पेटीत आत चमत्कारिक कोपरे होतात आणि त्यात काहीच नीट बसत नाही. सायलेन्सर आणि पेटीत अंतर ठेवा, मध्ये पत्र्याची ढाल ठेवा. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 वर असताना उजव्या पेटीत औषधं, चॉकलेट किंवा कॅमेऱ्याची बॅटरी ठेवू नये, हे सांगायची गरज नसावी.

ॲल्युमिनियम की प्लास्टिक, या वादावर लोक रात्र काढतात. मी दोन परिच्छेदांत संपवलं आहे. ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो लाकडी हातोडीने काढता येतो. आत कपडे काळे होतात, म्हणून आतली पिशवी लागते. चांगलं प्लास्टिक हलकं असतं, छोटी धडक गिळतं, पण तडकलं की गेलं. झाकणाचं रबर दोन्हीकडे सारखंच महत्त्वाचं. पावसापेक्षा आमच्याकडची पांढरी धूळ जास्त आत शिरते.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी, कारण ती या पुस्तिकेच्या विषयाविरुद्ध जाते. दक्षिण सोलापुरातली काळी माती ओली झाली की गाडी सरळ उभी राहत नाही. मडगार्डमध्ये चिखल भरतो, चाक फिरायचं थांबतं, आणि माणूस दोन्ही पाय खाली टेकवून गाडी ढकलत पुढे काढतो. अशा वेळी पाय घसरून मागे गेला की पोटरी पेटीच्या पुढच्या कडेखाली सापडते, आणि वरून दोनशे किलोंची गाडी येते. पाय मोडण्याची ही जगभर माहीत असलेली रीत आहे. ज्याला शेतरस्त्यांवर, नदीपात्रात, वाळूत जायचं आहे त्याने कडक पेट्या घेऊ नयेत. बंगळुरूची व्हायाटेरा, मुंबईची रायनॉक्स यांच्या मऊ पिशव्या घ्याव्यात. त्या कुलूपबंद नसतात, पण पायावर पडल्या तर पाय राहतो. डांबरी रस्ता, मुक्काम लॉजवर, गाडी रात्री बाहेर उभी, सामान आत ठेवून देऊळ बघायला जायचंय, अशांसाठी कडक पेटीला तोड नाही. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

कायद्याचं थोडं. जुलै 2020 मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून दुचाकीवरच्या हलक्या पेटीची मापं ठरवली: लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटरच्या आत, आणि पेटीसकट वजन 30 किलोंपर्यंत. पेटी मागच्या सीटच्या जागी बसवली तर गाडीवर चालक एकटाच. ही तरतूद वर किंवा मागे बसणाऱ्या पेटीसाठी आहे, बाजूच्या जोडीला ती जशीच्या तशी लावता येत नाही. बाजूच्या पेट्यांबाबत रस्त्यावर अडवलं जातं ते बहुतेक नंबरप्लेट, मागचा दिवा किंवा इंडिकेटर झाकला म्हणून. तेवढं सांगाडा ठरवतानाच बघून घ्यावं. इंडिकेटर बाहेर सरकवायला दोन इंचांची पट्टी पुरते.

पेट्या लागल्यावर लगेच लडाखला निघू नका. आमच्याकडची चाचणीची वाट होटगीहून विजयपूर रस्त्याला लागून मंद्रूप, तिथून भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल. महामार्ग 52 वर वेगाचा अंदाज येतो, आत वळल्यावर खड्ड्यांचा. संगमेश्वर मंदिरात शके 940 चा मराठी शिलालेख आहे, तो बघून होईपर्यंत सायलेन्सर निवतो. मग पाना काढून प्रत्येक बोल्ट तपासायचा. नव्या सांगाड्याचे एक-दोन हमखास सैल झालेले असतात, कारण रंगाचा थर दबतो. पेट्या अर्ध्या भरलेल्या असाव्यात, आणि जाताना मागे कुणी बसलेलं असेल तर परतताना त्याच्या टाचा पेटीला लागत होत्या का ते विचारावं.

या पुस्तिकेत किमती नाहीत, कारण त्या छापून होईपर्यंत बदलतात. प्रत्येक गाडीसाठी कुठला सांगाडा याची यादीही नाही. त्याऐवजी शेवटी मापांचा कोरा तक्ता आहे, त्यात आपल्या गाडीची मापं भरायची आणि ती घेऊन दुकानात किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जायचं. तक्त्यातली पहिली चार मापं सीट काढून घ्यायची आहेत, पुढची तीन कुणाला तरी मागे बसवून, म्हणजे शॉकअप दबलेला असताना. चाकाची झेप मोजायला गाडी मधल्या स्टँडवर लागते. तो नसेल तर दोन विटा आणि एक माणूस.